राज्यारोहण महोत्सव (ब्रिटन)

राजा किंवा राणी गादीवर आल्याला ठरावीक वर्षे पूर्ण झाली म्हणजे देशभर होणारा सार्वजनिक सोहळा. 25 वर्षांनी रौप्य, 50 वर्षांनी सुवर्ण, 60 वर्षांनी हीरक आणि 70 वर्षांनी प्लॅटिनम, असे त्याचे टप्पे मानले जातात. दीर्घ कारकिर्दीचा गौरव हे निमित्त असले, तरी त्या त्या काळी राज्यसंस्थेला प्रजेपुढे आपले कोणते रूप मांडायचे होते, हे या सोहळ्यांच्या आखणीतून अधिक स्पष्टपणे दिसते.

ब्रिटनमधील अशा सोहळ्यांची आधुनिक परंपरा तिसऱ्या जॉर्जपासून धरता येते. 25 ऑक्टोबर 1809 रोजी, म्हणजे कारकिर्दीचे पन्नासावे वर्ष सुरू होताना, नेपोलियनशी युद्ध चालू असतानाच हा दिवस पाळला गेला. चर्चमधील उपासना, मेजवान्या आणि रोषणाई यांबरोबरच कर्जापायी तुरुंगात पडलेल्या अनेकांची सुटका झाली आणि सैन्यातून पळून गेलेल्यांना माफी जाहीर करण्यात आली. व्हिक्टोरिया राणीच्या 1887 च्या सुवर्णमहोत्सवाला युरोपातील राजघराण्यांची मोठी उपस्थिती होती. वेस्टमिन्स्टर ॲबीतील उपासनेला राणी मुकुटाऐवजी साधे शिरोभूषण घालून गेली.

22 जून 1897 चा हीरकमहोत्सव मात्र संपूर्ण साम्राज्याचे प्रदर्शन ठरला. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्या सूचनेवरून परदेशी राजांऐवजी स्वशासित वसाहतींच्या पंतप्रधानांना पाचारण करण्यात आले आणि मिरवणुकीत हिंदुस्थानासह अनेक प्रदेशांतील पलटणी चालल्या. राजवाड्यातून निघण्यापूर्वी राणीने विजेचे बटण दाबून साम्राज्यभर आभाराचा तारसंदेश पाठवला. सहा मैलांची ही मिरवणूक टेम्स नदीच्या दक्षिणेकडील गरीब वस्त्यांतूनही नेण्यात आली. संधिवातामुळे राणीला सेंट पॉल कॅथीड्रलच्या पायऱ्या चढणे अशक्य होते, म्हणून आभारप्रार्थना मंदिराबाहेरच झाली. धर्मगुरू आणि गायकवृंद पायऱ्यांवर उभे राहिले आणि राणी उघड्या बग्गीतच बसून राहिली. चित्रपटकला नुकतीच जन्मली होती, तरी अनेक छायाचित्रकारांनी मिरवणुकीची चलचित्रे टिपली.

त्याच वेळी हिंदुस्थान दुष्काळ आणि प्लेगने होरपळत होता, आणि साम्राज्याच्या ऐश्वर्याचे हे दर्शन तेथे संतापाचेही कारण झाले. पुण्यात प्लेगनिवारणाच्या नावाखाली गोऱ्या सैनिकांकडून झालेल्या घरझडत्यांनी लोक पोळले होते. गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्यावरील महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. लंडनमधील जल्लोष आणि पुण्यातील गोळीबार एकाच तारखेचे आहेत, ही गोष्ट या महोत्सवाचा इतिहास सांगताना वगळता येत नाही.

विसाव्या शतकात साम्राज्य ओसरत गेले, तसा सोहळ्याचा भर प्रजेशी असलेल्या जवळिकीवर आला. पाचव्या जॉर्जचा रौप्यमहोत्सव 6 मे 1935 रोजी झाला. दुसरी एलिझाबेथ 6 फेब्रुवारी 1952 रोजी गादीवर आली; वडिलांचा मृत्यूही त्याच दिवशीचा असल्याने तिने तो दिवस सहसा सँड्रिंगहॅम येथे शांतपणे घालवला, आणि मुख्य सार्वजनिक कार्यक्रम उन्हाळ्यात होत गेले. 1977 मध्ये गल्लोगल्ली रस्त्यावर टेबले मांडून शेजाऱ्यांनी एकत्र जेवणे केली. 2002 मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या बागेत संगीताचे जलसे झाले. 2012 मध्ये भर पावसात टेम्स नदीतून शेकडो नौकांचा ताफा गेला. टेकड्यांवर आगट्या पेटवण्याची जुनी रीतही या काळात टिकून राहिली. प्लॅटिनम महोत्सव साजरा करणारी एलिझाबेथ ही पहिलीच ब्रिटिश राज्यकर्ती. जून 2022 मधील त्या सोहळ्यात प्रकृतीमुळे ती मोजक्याच प्रसंगी लोकांसमोर आली आणि त्याच वर्षी 8 सप्टेंबरला तिचे निधन झाले.

मिरवणुकांपेक्षा टिकाऊ ठरली ती महोत्सवानिमित्त उभी राहिलेली कामे. 1887 मध्ये स्त्रियांनी जमवलेल्या वर्गणीचा मोठा भाग राणीने गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या प्रशिक्षणाला दिला, आणि त्यातून सुरू झालेली संस्था आजही कार्यरत आहे. 1935 च्या निधीतून तरुणांसाठी न्यास निघाला, 1977 च्या महोत्सवाचे नाव लंडनच्या भुयारी रेल्वेच्या ज्युबिली मार्गाला मिळाले आणि 2012 मध्ये ब्रिटिश संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्याला एलिझाबेथ टॉवर असे नाव देण्यात आले.