श्वाबेन

नैर्ऋत्य जर्मनीतील एक ऐतिहासिक प्रदेश. इंग्रजी रूप स्वेबिया. या नावाचे राज्य आज नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचा मध्य व पूर्व भाग आणि बव्हेरियातील श्वाबेन हा प्रशासकीय विभाग (मुख्य ठिकाण आउग्सबुर्ग) यांत तो ढोबळमानाने विभागला आहे. नेकार व डॅन्यूब यांच्या दरम्यान श्वाबियन आल्ब हे चुनखडीचे पठार पसरले आहे. मुख्य शहरे श्टुटगार्ट, उल्म व ट्यूबिंगेन.

नाव सुएबी या जर्मानिक लोकांवरून पडले, याबद्दल दुमत नाही. त्याचा संबंध ‘स्वतःचा’ या अर्थाच्या धातूशी, म्हणजे संस्कृत ‘स्व’च्या कुळाशी, बहुधा असावा. वाद आहे तो वेगळाच. तिसऱ्या शतकापासून रोमन लेखक येथील लोकांना आलामानी म्हणतात; ते सुएबींचेच वंशज काय? इ. स. २१३ च्या संदर्भातील त्यांचा उल्लेख काही अभ्यासक प्रक्षिप्त मानतात. २८९ चा निर्विवाद आहे. ‘सरमिसळ लोक’ ही नावाची प्राचीन व्युत्पत्ती धरून, हा गट स्थानिक पातळीवरच घडला असे एक मत आहे. मात्र १९९२ मध्ये आउग्सबुर्गला सापडलेल्या, इ. स. २६० च्या विजयवेदीवरील लेखात ‘सेम्नोनेस अथवा युथुंगी’ असा निर्देश आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या मते सेम्नोनेस हे सुएबींतील सर्वांत प्राचीन कुळ. युथुंगींना पुढे आलामानींची शाखा म्हटले आहे. त्यामुळे निदान अंशतः तरी वंशसातत्य मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

दहाव्या शतकात उदयास आलेली येथील डची (ड्यूकचे राज्य) होहेनश्टाउफेन घराण्याबरोबर १२६८ मध्ये लयास गेली. पुढे व्युर्टेंबर्ग प्रबळ झाले.

भाषा शिकायला येणाऱ्याची पहिली अडचण बोलीची. ‘बिस्ट’चे (‘आहेस’) ‘बिश’ होते. वर्गात घोटलेला साधा भूतकाळ बोलण्यात जवळपास नाहीच. ‘फूस’ म्हणजे केवळ पाऊल नव्हे, मांडीपासून बोटांपर्यंत सगळा पाय. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. लघुत्वदर्शक ‘-शेन’ऐवजी ‘-ले’ येतो: श्पेट्सले, शब्दशः ‘चिमणुली’. प्रत्यक्षात हा जाडसर शेवयांचा प्रकार. अंडी घातलेले सैल पीठ लाकडी फळीवर पसरून सुरीने थेट उकळत्या पाण्यात खरवडतात. १९९९ पासून बाडेन-व्युर्टेंबर्गने तर ‘आम्हाला सगळे जमते, प्रमाण जर्मन तेवढी सोडून’ असे अभिमानाने मिरवले.

ट्यूबिंगेन विद्यापीठ १४७७ चे. तेथील प्राध्यापक रूडोल्फ फोन रोट (जन्म श्टुटगार्ट, १८२१) यांनी अमेरिकन संस्कृतज्ञ व्हिटनींसह अथर्ववेदाची संहिता १८५६ मध्ये प्रसिद्ध केली. शंकर पांडुरंग पंडित यांची सायणभाष्यासह आवृत्ती मुंबईत निघाली ती १८९५–९८ मध्ये. श्टुटगार्ट व मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत.