15 वर्षांची सेवा आणि अर्जातला पदवीचा रकाना: माजी सैनिकांच्या दुसऱ्या नोकरीची पार्श्वभूमी

तिन्ही सैन्यदलांतून दरवर्षी साधारण 60 हजार जण बाहेर पडतात. शिपाई पदावरून निवृत्त होणारा जवान बहुतेक वेळा 35 ते 40 वर्षांचा असतो. पेन्शन बसलेली असते, पण मुले शाळेत असतात आणि घराचे हप्ते चालू असतात. म्हणजे पुढची 20 वर्षे कमावणे भागच. त्यासाठी प्रशिक्षण, राखीव जागा आणि वयाची सवलत अशी सोय कागदावर भरपूर आहे. अडते ते सैन्यातला अनुभव सिव्हिलच्या, म्हणजे सैन्याबाहेरच्या नागरी जगाच्या, कागदावर कसा उतरवायचा, इथे. हा प्रश्न बराच जुना आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सुरुवात पहिल्या महायुद्धातल्या जखमींपासून होते. हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना हातचे कौशल्य शिकवणारी शाळा 1917 मध्ये मुंबईत निघाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीला आली. धडधाकट सैनिकांचा प्रश्न उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. तोवर हिंदी सैन्य 25 लाखांपर्यंत फुगले होते आणि त्यातल्या बहुतेकांना घरी पाठवायचे होते. त्यासाठी 1945 मध्ये केंद्रात पुनर्वसन आणि रोजगाराचे स्वतंत्र खाते उघडले गेले. आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतो ते याच खात्याचे अपत्य. फाळणीनंतर तिथे निर्वासितांची नोंदणी सुरू झाली आणि 1948 पासून सगळ्याच बेरोजगारांची. सैनिकांसाठी सुरू झालेल्या तांत्रिक प्रशिक्षणाचेही तेच झाले. 1950 च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आजच्या आयटीआय उभ्या राहिल्या. सैनिकांसाठी बांधलेली यंत्रणा सर्वांची झाली, हे चांगलेच झाले. मात्र त्यानंतर सैनिकांसाठी वेगळे काय, याचे उत्तर पुढची 30 वर्षे तुकड्यातुकड्यांनी येत राहिले.

त्या काळात जवान सात वर्षे पलटणीत आणि नंतर राखीव यादीत, अशी रचना होती. पंचविशीत परतलेला गडी शेतीत किंवा गिरणीत खपून जाई. 1965 नंतर सेवेची मुदत वाढत गेली आणि 1970 च्या दशकात ती 17 वर्षांवर पोचली. पेन्शनचा लाभ मिळाला, पण नवे काम शिकण्याचे वय सैन्यातच सरले. कारगिल युद्धानंतरच्या आढावा समितीने मुदत पुन्हा सात ते दहा वर्षे करावी आणि नंतर या जवानांना निमलष्करी दलांत घ्यावे, असे सुचवले होते. सहाव्या वेतन आयोगानेही असाच मार्ग सांगितला. तो अमलात आला नाही.

आज जी चौकट चालते ती 1979 च्या केंद्रीय नियमांची. गट क मध्ये 10 टक्के आणि तेव्हाच्या गट ड मध्ये 20 टक्के जागा राखीव. सार्वजनिक उपक्रम आणि बँकांत हेच प्रमाण 14.5 आणि 24.5 टक्के, कारण त्यात अपंग सैनिक आणि शहिदांच्या अवलंबितांचे 4.5 टक्के धरलेले असतात. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड मध्ये 15 टक्के. हे आरक्षण समांतर आहे, म्हणजे खुला, इतर मागास, अनुसूचित जाती अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजले जाते. वयाचे गणित सोपे: आजच्या वयातून सैनिकी सेवा वजा करा, उरलेले वय कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून अधिक नसावे. 36 वर्षांच्या, 17 वर्षे सेवा झालेल्या जवानाचे वय भरतीच्या हिशेबात 19 उरते.

वय असे 19 वर आणता येते, शिक्षणाचे तसे नव्हते. भरती दहावीवर झालेली आणि लिपिकापासून निरीक्षकापर्यंतच्या पदांना पदवी हवी. 1979 च्या नियमांनी त्यावर तोड काढली. दहावी झालेला, किंवा सैन्यातले विशेष शैक्षणिक प्रमाणपत्र मिळवलेला, आणि किमान 15 वर्षे सेवा केलेला माजी सैनिक पदवी लागणाऱ्या गट क पदासाठी पात्र समजावा. मात्र त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव आवश्यक नसावा. राज्याच्या भरतीतही 15 वर्षांची अशीच तरतूद आहे. सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे रेकॉर्ड ऑफिस याचे प्रमाणपत्र देते आणि जवानांच्या बोलण्यात त्याचे नाव सरळ ‘ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट’ असे पडले आहे. घोटाळ्याची सुरुवात या नावातूनच होते.

हा कागद म्हणजे पदवी नव्हे. कोणत्याही विद्यापीठाने तो दिलेला नाही. नियम एवढेच म्हणतो की अमुक पदांच्या भरतीपुरते या माणसाला पदवीधरांच्या रांगेत उभे राहू द्या. त्यामुळे बँकेच्या लिपिक पदाला तो चालतो, त्याच बँकेच्या अधिकारी पदाला चालत नाही. कनिष्ठ अभियंत्याच्या पदाला नाही, बीएड, एलएलबी वा एमबीएच्या प्रवेशाला नाही, खासगी कंपनीच्या एचआरला तर त्याचे काहीच देणेघेणे नाही. निवृत्तीनंतर ‘आपण ग्रॅज्युएट आहोत’ या समजुतीत वर्षभर वाट पाहणारे आणि मग मुक्त विद्यापीठात पहिल्या वर्षाला नाव घालणारे जवान दर जिल्ह्यात सापडतील.

जिथे कागद चालतो तिथेही पाय अडकतो. 15 वर्षे भरली का हे निवृत्तीच्या दिवशी पाहत नाहीत. जाहिरातीत दिलेल्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी पाहतात. सेवेत असतानाच अर्ज करणाऱ्याने, म्हणजे ज्याची मुदत वर्षभरात संपते त्याने, हा दिवस आधी तपासावा. सेवा 14 वर्षे 11 महिने असेल तर अर्ज बाद, मग निवृत्ती 17 व्या वर्षी का होईना. बँकांच्या भरतीत प्रमाणपत्रावरची तारीखही ठरलेल्या दिवसापूर्वीची लागते; सेवा पूर्ण आहे पण कागद नंतर काढला, हे ऐकून घेतले जात नाही. ऑनलाइन अर्जात विद्यापीठाचे नाव, उत्तीर्ण वर्ष आणि टक्केवारी यांचे रकाने सक्तीचे असले की आणखी पंचाईत. कोणी दहावीचे टक्के भरतो, कोणी मनाने आकडा टाकतो, आणि कागदपत्र पडताळणीत तीच नोंद खोटी माहिती ठरण्याची भीती असते. अशा वेळी जाहिरातीतली माजी सैनिकांविषयीची टीप शब्दशः वाचावी, आणि तिथे सूचना नसेल तर मदत कक्षाकडून लेखी उत्तर घेऊन त्याची प्रत जपून ठेवावी.

मुळात हा नियम उदार आहे, पण प्रश्न टाळणारा आहे. 15 वर्षांत माणूस काय शिकला हे मोजायचे कष्ट त्याने वाचवले. पलटणीचा हिशेब सांभाळलेला क्लर्क आणि तितकीच वर्षे पहारा दिलेला जवान दोघांना एकच प्रमाणपत्र. ज्याच्याकडे खरोखर विकण्याजोगे कौशल्य होते त्याचेच यात अधिक नुकसान झाले.

सेवामुक्त होताना मिळणाऱ्या नोंदपुस्तिकेचे, म्हणजे डिस्चार्ज बुकचेही थोडे पाहू. सिव्हिलमध्ये सैनिकाची ओळख तीच. नाव, जन्मतारीख, भरतीची तारीख, ट्रेड (सैन्यातले नेमलेले काम), वैद्यकीय श्रेणी, वर्तणूक आणि सेवामुक्तीचे कारण तिच्यात असते. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका प्रकारे आणि पुस्तकात दुसऱ्या प्रकारे असेल तर ते रेकॉर्ड ऑफिसकडून सुधारून घ्यायचे काम सेवेत असतानाच उरकावे; बाहेर आल्यावर तीच दुरुस्ती पत्रव्यवहारात महिनोन् महिने जाते. सर्वांत महाग पडते ती सेवामुक्तीच्या कारणाची नोंद. 1 जुलै 1987 नंतर बाहेर पडलेल्यांसाठी माजी सैनिक ठरायला पेन्शन किंवा मुदत संपल्यावरची ग्रॅच्युइटी हा आधार लागतो. पेन्शन मिळण्याआधी, समजा 12 व्या वर्षी, स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेला माणूस 12 वर्षे गणवेशात राहूनही या व्याख्येत बसत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणीला गेल्यावरच अनेकांना हे कळते.

सवलत एकदाच, हा दुसरा काच. सरकारी नोकरीत माजी सैनिक म्हणून रुजू झाला की तो पुढे सिव्हिलियन, असा आदेश 1980 च्या दशकापासून होता. त्यामुळे हाती आली ती सरकारी कार्यालयातल्या शिपायाची जागा धरावी की लिपिकाच्या निकालाची वाट पाहावी, या पेचात लोक अडकत. केंद्राने ऑगस्ट 2014 मध्ये तो सैल केला. पहिल्या नोकरीत रुजू होण्यापूर्वी ज्या ज्या भरतींचे अर्ज भरले त्यांची अर्जाच्या तारखांसह यादी रुजू होताच नव्या कार्यालयाला स्वयंघोषणेने द्यायची. त्या भरतींपुरता हक्क शाबूत राहतो. कंत्राटी किंवा हंगामी कामामुळे हक्क जात नाही. यादी द्यायला विसरलेल्याला मात्र नंतर ती देता येत नाही, आणि चूक नेमकी इथेच होते.

प्रशिक्षणाचे तपशील त्यामानाने सरळ आहेत. जवानांसाठी निवृत्तीपूर्व कोर्स जास्तीत जास्त 24 आठवड्यांचे, फी पूर्ण सरकारची. अधिकाऱ्यांना 40 टक्के स्वतः भरावी लागते. अधिकारी नामांकित व्यवस्थापन संस्थांत जातात, जवानांच्या वाट्याला संगणक, वाहनदुरुस्ती, एसी-फ्रीज, सुरक्षा पर्यवेक्षण. युनिटला माणूस सोडायला जमले नाही की कोर्स हुकतो. कोर्स झाला तरी पुढचा परवाना वेगळा काढावा लागतो: सैन्यातल्या इलेक्ट्रिशियनला राज्याचा वायरमन परवाना हवा, नर्सिंग असिस्टंट परिषदेच्या नोंदणीशिवाय रुग्णालयात परिचारक म्हणून लागू शकत नाही. लष्करी ट्रकचे इंजिन डोळे मिटून उतरवणारा मेकॅनिक 2020 नंतरच्या बीएस-6 (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाडीपुढे थांबतो, कारण तिथे आधी स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचायचा असतो, पाना नंतर.

एका कामात मात्र कायद्याने सैनिकी अनुभव तासांत मोजला आहे. खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा 2005 चा. केंद्राच्या 2006 च्या नमुना नियमांत सुरक्षारक्षकाला वर्गात 100 आणि मैदानावर 60 तास, किमान 20 कामकाजाच्या दिवसांत, असे प्रशिक्षण सांगितले आहे. माजी सैनिकाला 40 आणि 16 तास, किमान सात दिवसांत. शिवाय अशा संस्थांना माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची मुभा कायद्यातच आहे. इतकी उघडी वाट दुसऱ्या कुठल्या धंद्यात नव्हती. मग बहुसंख्य फौजी गेटवर दिसतात याचे आश्चर्य वाटायला नको.

जून 2022 मधल्या अग्निपथ योजनेने हा सगळा हिशेब बदलला. चार वर्षे सेवा, 25 टक्क्यांपर्यंत कायम, बाकीच्यांना सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी, म्हणजे बाहेर पडताना मिळणारी एकरकमी रक्कम. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. म्हणजे माजी सैनिकाच्या व्याख्येचे दोन्ही आधार नाहीत आणि 15 वर्षांचा नियमही लागू होत नाही. त्याऐवजी निमलष्करी दलांत 10 टक्के जागा जाहीर झाल्या, दहावीवर आलेल्यांना मुक्त शाळेमार्फत बारावीची वाट आणि बारावी झालेल्यांना मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी, जिचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणातून मिळतात. उरलेले निम्मे परीक्षा देऊनच मिळवायचे आहेत, तेही पोस्टिंग कुठे आहे यावर अवलंबून राहून. 2022 अखेर दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची मुदत 2026 अखेरीपासून संपते. त्यांच्या हाती कौशल्य प्रमाणपत्र असेल. तांत्रिक ट्रेडवाल्यांना ते दाखवून काम मागता येईल. जनरल ड्यूटीच्या, म्हणजे तांत्रिक ट्रेड नसलेल्या, पोरांच्या प्रमाणपत्रावर कोणते कौशल्य लिहिले जाते आणि कारखान्याचा फोरमन ते वाचून काय विचारतो, यावर त्यांची पहिली दोन वर्षे ठरतील.