वाकायचं, पण फुगायचं नाही

कन्नडहून मक्याची पोती भरून पिकअप औट्रम घाटाने चाळीसगावकडे उतरू लागला, की ड्रायव्हरच्या पायातला जोर चाकापर्यंत नेण्याचं शेवटचं काम फूट-सव्वा फूट लांबीची एक रबरी नळी करते. पॅडलचा जोर द्रवात उतरवणाऱ्या मास्टर सिलेंडरपासून निघालेला बाकीचा मार्ग धातूच्या पाइपचा असतो. पण चाक खड्ड्यात खाली-वर होतं, पुढचं चाक तर वळणावर डावी-उजवीकडेही फिरतं. म्हणून चेसिसपासून चाकापर्यंतचा तुकडा लवचीकच लागतो. गॅरेजात त्याला कोणी ब्रेक पाइप म्हणतं, कोणी होज. गाडीच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ. तरी चांदसैली असो, तोरणमाळ असो की कोंडाईबारी, घाटाच्या उतारावर काळी-पिवळीतल्या सगळ्यांचा जीव त्याच्यावर असतो. म्हणून ही नळी आतून कशी असते, ती सुधारत कशी आली आणि बिघडते कशी, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला फार वाटतं.

हायड्रॉलिक ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतो. बंद द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. १९२१ साली अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग गाडीने चारही चाकांना असा ब्रेक दिला आणि तारा-दांड्यांच्या ब्रेकचे दिवस भरले. मात्र या नियमात एक गोष्ट गृहीत आहे: भांड्याच्या भिंती हलता कामा नयेत. धातूचा पाइप जवळपास हलत नाही. रबरी नळीला मात्र वाकता यावं म्हणून मऊ ठेवावं लागतं, आणि मऊ वस्तूत दाब भरला की ती फुगते. वाकायचं पण फुगायचं नाही, या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. गेल्या शंभर वर्षांतल्या बहुतेक सुधारणा या भांडणातूनच निघाल्या.

नळी फुगल्याने किती फरक पडतो, याचा हिशेब मांडून पाहू. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०६ नुसार ३ मिलिमीटरच्या आसपास पोकळी असलेली साधी नळी सुमारे ६९ बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळपास ६९ पट, दाबाला फुटामागे जास्तीत जास्त ०.६६ घन सेंटिमीटर फुगलेली चालते. कमी फुगणाऱ्या प्रकाराला ही मर्यादा निम्मी, म्हणजे ०.३३. गाडीत एकेक फुटाच्या चार नळ्या आहेत आणि त्या सगळ्या मर्यादेपर्यंत फुगतात असं धरू. साध्या नळ्यांमध्ये मिळून २.६४ घन सेंटिमीटर द्रव नुसता फुगवट्यात अडकतो. मास्टर सिलेंडरचा व्यास २० मिलिमीटर असेल, तर तेवढा द्रव ढकलायला पिस्टन जवळपास साडेआठ मिलिमीटर जास्त सरकवावा लागतो. पॅडलची तरफ एकास चार धरली तर पाय सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली जातो, आणि या जास्तीच्या सरकण्याने पॅडची डिस्कवरची पकड जराही वाढत नाही. कमी फुगणाऱ्या नळ्यांमध्ये हीच तूट निम्मी होते. चांगल्या कंपनीची नवी नळी या मर्यादेच्या बरीच आत असते. पण नळी जुनी होऊन सैल पडली की गिऱ्हाईक गॅरेजात येऊन सांगतं, "भाऊ, पॅडल खाले जाई राहिनं." मिस्त्री हवा काढतो, ब्लीडिंग पुन्हा करतो, मास्टर सिलेंडरचे वॉशर बदलतो. नळीकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं.

ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून एक काढलेली नळी मागून घ्या आणि धारदार ब्लेडने आडवी कापा. करंगळीएवढ्या जाडीच्या त्या तुकड्यात सहसा पाच थर दिसतात. मधोमध जेमतेम ३ मिलिमीटरची पोकळी. तिच्याभोवती गुळगुळीत काळं रबर, ज्याला ब्रेक फ्लुइड रात्रंदिवस टेकलेलं असतं. त्यावर धाग्यांची जाळीदार वीण, मग रबराचा एक पातळ पदर, मग पुन्हा वीण, आणि सगळ्यात बाहेर ऊन, चिखल, दगड सोसणारं जाड आवरण. मधला पातळ पदर बिनकामाचा वाटतो. तो नसता तर प्रत्येक ब्रेकला धाग्यांच्या दोन विणी एकमेकींवर घासून एकमेकींना कापत राहिल्या असत्या.

दाब पेलायचं काम रबर करत नाही, धागा करतो. पूर्वी रेयॉनचा धागा वापरत, आता पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा, म्हणजे पीव्हीएचा, किंवा पॉलिएस्टरचा वापरतात. पीव्हीएचा धागा फार कमी ताणतो, म्हणून नळी कमी फुगते. त्याचं वैर उष्णता आणि ओल एकत्र येण्याशी. त्यामुळे बाहेरच्या आवरणाला चीर गेली, की नुकसान रबरापुरतं राहत नाही.

ही वीण घालणारं यंत्र पाहण्यासारखं असतं. गोफ नाचताना निम्मी मंडळी उजवीकडून आणि निम्मी डावीकडून, एकाच्या आतून, दुसऱ्याच्या बाहेरून जात मधल्या दोऱ्यांचा गोफ विणतात, तसंच हे यंत्र चालतं. धाग्याच्या रिळी दोन उलट्या दिशांनी नागमोडी फिरतात आणि मधून वर सरकणाऱ्या रबरी नळीवर वीण चढत जाते. एका रिळीचा ताण कमी-जास्त झाला तर तिथे नळीच्या लांबीभर एक कमजोर पट्टा तयार होतो, आणि वरून रबर चढल्यावर तो कोणालाच दिसत नाही. म्हणून चांगल्या यंत्रांवर धागा तुटला किंवा संपला की यंत्र जागच्या जागी थांबवणारी सोय असते. नळी सुधारणं म्हणजे नवं रसायन शोधणं एवढंच नाही. पुष्कळदा ते असं रिळीरिळीवर लक्ष ठेवणं असतं.

धागा कोणत्या कोनात बसवायचा, हा मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. बंद नळीत दाब भरला की भिंतीवर घेराच्या दिशेने जेवढा ताण येतो, त्याच्या निम्मा लांबीच्या दिशेने येतो. तिरक्या धाग्याने हे दोन्ही ताण एकाच वेळी पेलायचे, तर त्याचा नळीच्या अक्षाशी असलेला कोन असा हवा, की त्या कोनाच्या टॅनचा वर्ग २ येईल. गणित केलं की उत्तर निघतं सुमारे ५४.७ अंश. धागे यापेक्षा उभट, म्हणजे नळीच्या लांबीकडे जास्त कललेले, बसले तर दाबाखाली नळी जाड आणि आखूड होते. आडवे बसले तर बारीक आणि लांब होते. ५४.७ च्या आसपास मात्र ती जागची हलू पाहत नाही. कारखान्यात हा कोन दोन गोष्टींवर ठरतो: रिळी किती वेगाने फिरतात आणि नळी किती वेगाने पुढे सरकते. दोहोंपैकी एकीचा वेग चुकला की कोन सरकला, आणि कोन सरकला की नळी दर ब्रेकला थोडी वळवळते. अशी नळी टोकाच्या जोडापाशी लवकर थकते.

आता रबराकडे येऊ. नैसर्गिक रबराच्या लांबलचक रेणूत कण्याच्या बाजूने ठिकठिकाणी कार्बनचे दुहेरी बंध असतात. उन्हात, गाड्यांच्या धुरातल्या वायूंपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो नेमका या दुहेरी बंधांवर हल्ला करतो आणि रेणूचा कणाच तुटतो. ताणलेल्या रबरावर ताणाच्या आडव्या दिशेला बारीक भेगा पडतात, त्या याच. १९६० च्या दशकात ईपीडीएम हे कृत्रिम रबर बाजारात आलं. इथिलीन आणि प्रोपिलीन जोडण्याचा रस्ता ज्या उत्प्रेरकांनी उघडला, त्यांच्यासाठी कार्ल झीगलर आणि ज्युलिओ नाट्टा यांना १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ईपीडीएमच्या कण्यात दुहेरी बंध नसतात. रबर पक्कं करायला लागतात तेवढे थोडेसेच असतात आणि तेही बाजूच्या फांदीवर. ओझोनने तिथे हल्ला केला तरी कणा शाबूत राहतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि गाड्या दिवसभर उघड्यावर तापतात. अशा प्रदेशाला या रबराने फार मोठं काम करून दिलं आहे.

पण ईपीडीएमचंही एक वैर आहे, खनिज तेलाशी. डॉट ३ किंवा डॉट ४ या दर्जाचं ब्रेक फ्लुइड ग्लायकॉलच्या जातीच्या द्रवांचं असतं आणि ते ईपीडीएमला चालतं. इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल, ग्रीस मात्र त्या रबरात शिरतं आणि ते भसाभस फुगतं. रिकाम्या ऑइलच्या डब्यातून ब्रेक फ्लुइड ओतणं किंवा ब्रेकचे भाग डिझेलने धुणं एवढंही पुरतं. एकदा असं झालं की नुसतं फ्लुइड बदलून भागत नाही. नळ्या, सील, सगळे रबरी भाग बदलावे लागतात.

पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे पाणी नळीच्या भिंतीतूनही आत शिरतं. फ्लुइडच्या टाकीचं झाकण घट्ट असलं तरी हवेतली वाफ रबर अगदी सावकाश ओलांडते आणि ग्लायकॉलचं फ्लुइड ती धरून ठेवतं. नव्या डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात ब्रेक दाबून धरत उतरलं की कॅलिपरमधलं, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं, फ्लुइड तापतं, आतलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते, आणि पॅडल मोकळं जातं. म्हणून आवरणाच्या रबरातून कमीत कमी वाफ जावी, यावर नळी बनवणाऱ्यांनी बरंच काम केलं आहे. चालवणाऱ्यासाठी उतारावरचा खालचा गिअर आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीत फ्लुइड बदलणं आहेच.

जळगावच्या एमआयडीसीत ठिबकची नळी निघताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ब्रेकची नळी अर्धी तरी कळेल. दोन्ही एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे माल दाबून पुढे ढकलणाऱ्या यंत्राच्या, साच्यातून बाहेर येतात. ठिबकचं प्लॅस्टिक पाण्यात थंड झालं की आकार पक्का. रबराचं उलटं आहे. ते बाहेर येतं तेव्हा कच्चं असतं आणि पुन्हा तापवल्यावर, वाफेच्या दाबाखाली किंवा तशाच दुसऱ्या रीतीने, त्याच्या रेणूंत आडवे दुवे तयार होतात. हे दुवे गंधकाचे असू शकतात किंवा पेरॉक्साइड वापरून थेट कार्बन-कार्बनचे. दुसरे उष्णतेत जास्त टिकतात, म्हणून इंजिनजवळच्या किंवा तापणाऱ्या ब्रेकजवळच्या नळ्यांसाठी पेरॉक्साइडची वाट जास्त धरली जाऊ लागली. आतली पोकळी नेमकी मध्यावर येणं हीसुद्धा कसोटी आहे. एका बाजूला भिंत पातळ पडली, तर सगळ्या वाकण्याचा मार तिथेच बसतो.

मग टोकाला धातूची टोपी दाबून बसवतात, तिला क्रिम्पिंग म्हणतात. सैल बसली तर दाबाने नळी निसटते, जास्त दाबली तर आतलं रबर कापलं जातं किंवा वाटच अरुंद होते. ही चूक मिलिमीटरच्या दशांशात होते. म्हणून जोडाच्या आत पोकळीच्या ठरलेल्या व्यासाच्या किमान ६४ टक्के वाट मोकळी आहे का, हे मापाची सळई घालून तपासतात.

त्या अमेरिकी मानकातल्या बाकीच्या चाचण्याही कडक आहेत. ३ मिलिमीटरपर्यंतच्या नळीत पाण्याचा सुमारे २७५ बार दाब दोन मिनिटं धरतात, मग वाढवत नेतात, आणि ती सुमारे ४८० बारच्या आत फुटता कामा नये. सुमारे १४७ किलोच्या ओढीला जोड सुटता कामा नये. १२० अंश तापलेलं ब्रेक फ्लुइड आत ठेवून ७० तास, मग परत दाब. ओझोनच्या पेटीत ४० अंशांना वाकवून ७० तास, आणि सातपट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखालीही भेग दिसता कामा नये. सगळ्यात निर्दयी चाचणी फटक्यांची. नळीचं एक टोक पक्कं धरून दुसरं मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वेगाने ३५ तास गरगर फिरवायचं, आत पाणी दाबाखाली. हे जवळपास १७ लाख फेरे होतात. आपल्याकडे हायड्रॉलिक ब्रेकच्या नळ्यांसाठी आयएस ७०७९ हे भारतीय मानक आहे.

एवढ्यातून पार पडलेली नळी बहुधा बाहेरून फुटत नाही, आतून बिघडते. आतल्या रबराचा एखादा पापुद्रा सुटतो आणि पोकळीत झडपेचं काम करू लागतो. पायाच्या जोरापुढे फ्लुइड चाकाकडे जातं, पाय काढल्यावर परत येत नाही. ब्रेक चिकटतो, एकाच चाकाची रिम हात लावता येणार नाही इतकी तापते, गाडी एका बाजूला ओढते. मग कॅलिपर खोलला जातो, बदलला जातो, आणि दोष तसाच राहतो. कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल सैल केल्यावर फ्लुइड जोराने बाहेर येऊन चाक लगेच मोकळं झालं, तर संशय नळीवर घ्यायचा.

या पापुद्र्याला पुष्कळदा आपणच कारण होतो. पॅड बदलताना सोडवलेला कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवतात, तेव्हा त्याचं सगळं वजन क्रिम्पपाशी येतं. फ्लुइड गळू नये म्हणून ग्रिप पक्कडीने नळी चिमटून ठेवतात, तेव्हा धागे आणि आतलं रबर दोन्ही चिरडतात. कॅलिपर सुतळीने स्प्रिंगला बांधायला अर्धं मिनिट लागतं. खरंच, एवढं तरी करायला हवं.

नवी नळी घेताना तिच्यावरची छपाई वाचा. बनवणाऱ्याची खूण, तयार झाल्याची तारीख, माप आणि अमेरिकी मानकाच्या नळीवर एचआर किंवा एचएल ही अक्षरं असतात. एचएल म्हणजे कमी फुगणारी. तिच्या अंगावर लांबीभर रेघा असतात, त्याही कामाच्या आहेत. बसवल्यावर रेघ सरळ दिसली तर नळीला पीळ पडलेला नाही. रेघ नळीभोवती फिरत गेलेली दिसली तर जोडाचा नट, म्हणजे युनियन, आवळताना नळी पिळली गेली आहे, आणि पिळलेल्या नळीतला धाग्यांचा तो ५४.७ अंशांचा कोन एका दिशेला बिघडलेला आहे. सोडून पुन्हा बसवा. मग गाडी जॅकवरून उतरवून, चाकं जमिनीवर टेकलेली असताना, एकाने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवायचं आणि दुसऱ्याने बॅटरी घेऊन नळी टायरला, रिमला किंवा स्प्रिंगला कुठे घासते का ते पाहायचं. त्यानंतर जॅक लावून चाक लोंबकळतं ठेवून हेच पुन्हा करायचं, कारण मोठ्या खड्ड्यात चाक तेवढं खाली जातं आणि तेव्हाही नळी ताठ ओढली जाता कामा नये.