प्रकल्पाचे जीवनचक्र आणि त्याचे व्यवस्थापन

ठरावीक मुदतीत, ठरावीक पैशांत आणि एकदाच पार पाडायच्या कामाला प्रकल्प म्हणतात; ते काम सुचल्यापासून वापरणाऱ्यांच्या हाती सोपवले जाईपर्यंतच्या वाटचालीला प्रकल्पाचे जीवनचक्र म्हणतात. रेल्वेगाडी रोज चालवणे हे नित्याचे कामकाज आहे, तिच्यासाठी नवा मार्ग बांधणे हा प्रकल्प. आरंभ, नियोजन, अंमलबजावणी, देखरेख व नियंत्रण आणि समारोप अशी या वाटचालीची विभागणी सामान्यतः केली जाते. यांपैकी देखरेख हा खरे तर वेगळा टप्पा नसून तो पहिल्या दिवसापासून इतर सर्व टप्प्यांच्या सोबतीने चालतो. टप्पे कागदावर एकापुढे एक मांडलेले असले, तरी प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळतात आणि आधीच्या टप्प्यातला निर्णय पुढच्या टप्प्यात परत समोर येतो. कोकण रेल्वेच्या उभारणीत हे विशेष स्पष्टपणे दिसते.

रोहा ते मंगळुरूजवळचे ठोकूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग आहे. कोकणात रेल्वे यावी ही मागणी फार जुनी होती आणि बॅ. नाथ पै, मधु दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली होती. मात्र मागणी म्हणजे प्रकल्प नव्हे. काम कोणी करायचे, पैसा कोठून आणायचा आणि जबाबदारी कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तेव्हाच आरंभाचा टप्पा पुरा झाला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, तर गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के ठरला. या भांडवलाखेरीज लागणारा बराच पैसा रोख्यांतून उभा करण्यात आला. हा मार्ग केरळात शिरतच नाही, तरीही केरळ भागीदार झाले, कारण मुंबईशी जवळचा रस्ता त्यालाही हवा होता. प्रकल्पाचे हितसंबंधी कोण, हे केवळ नकाशा पाहून ठरत नाही.

नियोजनात व्याप्ती, मुदत, खर्च आणि जोखीम यांचा हिशेब मांडला जातो. कामांचा परस्परक्रम आखून एकामागून एकच करता येणाऱ्या कामांची सर्वांत लांब साखळी, म्हणजे प्रकल्पाची मुदत ठरवणारी साखळी, शोधण्याची पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत विकसित झाली आणि १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी तिच्याशी मिळतीजुळती पद्धत वापरली. आजही मोठ्या बांधकामांचे वेळापत्रक याच पायावर उभे असते. कोकण रेल्वेने सगळा मार्ग महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार आणि उडुपी अशा सात विभागांत वाटून प्रत्येक विभाग एकेका मुख्य अभियंत्याकडे सोपवला. त्यामुळे एका विभागात काम अडले, तरी दुसरीकडचे थांबले नाही. मंगळुरू–उडुपी हा तुकडा १९९३ मध्येच वाहतुकीला खुला झाला, तेव्हा इतरत्र बोगदे अजून खोदले जात होते. ही विभागणी त्या नियोजनातील सर्वांत फलदायी गोष्ट मानावी लागेल.

अंमलबजावणीत मात्र दोन अडचणींनी वेळापत्रक मोडले. पहिली माणसांची होती. गोव्यात किनाऱ्याजवळून जाणाऱ्या आखणीमुळे खाजन जमिनी (खाडीकाठी बांध घालून राखलेली शेते) आणि वस्त्या यांची हानी होईल, म्हणून मोठा विरोध झाला आणि काही काळ तेथील काम थांबले. आखणी बदलण्याची चर्चा कामाला हात घालण्यापूर्वी झाली तर खर्च कागदाचा असतो. भराव घातल्यानंतर तोच बदल कोट्यवधींचा होतो. दुसरी अडचण जमिनीची होती. जांभा आणि बेसॉल्ट यांतून वाट काढणे कष्टाचे असले, तरी त्याचा अंदाज बांधता येतो, आणि साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा कठीण खडकातच झाला. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात मात्र पाण्याने भिजलेली मऊ माती होती. ती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली, हातांनी खणावी लागली आणि तिने मजुरांचे प्राणही घेतले. पाच वर्षांत पुरे करायचे ठरलेले काम त्यामुळे लांबले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग जोडला गेला. एकूण खर्च साडेतीन हजार कोटी रुपयांच्या घरात गेला. जोखमीच्या यादीत एका ओळीत लिहिलेली ‘भूस्तराची अनिश्चितता’ प्रत्यक्षात कोणाच्या डोक्यावर कोसळते, हे प्रत्येक नियोजनकाराने पेडण्यावरून ध्यानात घ्यावे.

समारोपात काम तपासून, हिशेब मिटवून आणि नकाशे-नोंदी सुपूर्द करून मार्ग चालवणाऱ्यांच्या ताब्यात दिला जातो. कोकण रेल्वेत बांधणारी आणि चालवणारी संस्था एकच होती, त्यामुळे बांधकामातले निर्णय तिलाच निस्तरावे लागले. डोंगर कापून केलेल्या कटिंगची बाजू उभी ठेवली, तर जमीन आणि खोदाई कमी लागते. परंतु कोकणातल्या पावसात दरड सुटण्याचा धोका वाढतो. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडमातीमुळे गाडी घसरून पन्नासाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले आणि पुढच्याच जूनमध्ये मत्स्यगंधा एक्स्प्रेसलाही अशाच कारणाने अपघात झाला. त्यानंतर उतार सैल करणे, जाळ्या बसवणे, खडक खिळ्यांनी बांधणे, पर्जन्यमापके लावणे आणि पावसाळ्यात कमी वेगाचे वेगळे वेळापत्रक चालवणे, अशी कामे हाती घेण्यात आली. ती मूळ प्रकल्पाच्या हिशेबात दिसत नाहीत, पण त्याच्याच जीवनचक्राचा भाग आहेत.

पुढे रोहा–वीर दुपदरीकरण २०२१ मध्ये आणि संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. ही दोन्ही कामे स्वतंत्र प्रकल्प होती. प्रत्येकाचा आरंभ, मुदत आणि समारोप निराळा होता, आणि चालू वाहतूक न थांबवता रुळांशेजारी काम करणे ही मूळ बांधणीत नसलेली अट त्यांना पाळावी लागली. दरम्यान, कोकणात बोगदे आणि पूल यांचा अनुभव घेतलेल्या याच महामंडळाकडे जम्मू-काश्मीरमधील कटऱ्यापुढच्या रेल्वेमार्गाचा अवघड भाग सोपवण्यात आला, आणि चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल त्यातूनच उभा राहिला.