डिगबोई

आसाम राज्याच्या तिनसुकिया जिल्ह्यातील एक लहान शहर. भारतीय खनिज तेल उद्योगाचे जन्मस्थान आणि आजही चालू असलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांपैकी आशियातील सर्वांत जुना कारखाना असलेले गाव म्हणून प्रसिद्ध. तिनसुकियाच्या आग्नेयेस सुमारे ३० किमी.वर, लेडोकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते वसले आहे. लोकसंख्या २० हजारांहून थोडी अधिक (२०११). आसपास चहाचे मळे, पलीकडे दिहिंग–पाटकाईचे सदाहरित अरण्य आणि त्याच्याही मागे अरुणाचलचे डोंगर.

डिगबोईची ओळख तेलाची असली, तरी त्याला जन्म दिला रेल्वेने. वरच्या आसामात रूळ आले ते चहा, कोळसा आणि लाकूड ब्रह्मपुत्रेच्या घाटापर्यंत पोचवण्यासाठी. तेल त्या उद्योगाच्या पदरात जाता जाता पडले. १८८१ साली लंडनमध्ये ‘आसाम रेल्वेज अँड ट्रेडिंग कंपनी’ स्थापन झाली. तिच्या प्रवर्तकांत डॉ. जॉन बेरी व्हाइट हे लष्करी शल्यचिकित्सक होते. पुढे त्यांच्याच देणगीतून दिब्रुगढला वैद्यकीय शाळा निघाली. कंपनीने मीटर गेजचा दिब्रू–सदिया लोहमार्ग टाकायला घेतला. १८८२ मध्ये दिब्रुगढच्या आगबोटीच्या घाटावरून पहिली गाडी सुटली. आसामातील ही पहिली रेल्वे. १८८४ मध्ये बुढी दिहिंगवर पूल झाला आणि गाडी कोळशाच्या पट्ट्यापर्यंत, माकुम भागात पोचली. तिथल्या ठाण्याला इटलीच्या राणीचे ‘मार्घेरिटा’ हे नाव मिळाले, कारण बांधकामावरचा मुख्य अभियंता रोबेर्तो पागानिनी हा इटालियन होता. गंमत अशी, की नावात सदिया असूनही हा मार्ग सदियाला कधीच पोचला नाही. ते गाव ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे होते; रूळ अलीकडच्या सैखोवा घाटापाशी थांबले.

मार्घेरिटाच्या अलीकडे, याच मार्गालगतच्या जंगलात डिगबोई आहे. त्याच्या नावाची कथा आसामात शाळकरी मुलांनाही पाठ असते. लाकडाचे ओंडके ओढणारा एक हत्ती पाय तेलकट करून परतला, त्याचा माग काढत गेलेल्या साहेबाला जमिनीतून तेल झिरपताना दिसले, आणि तो मजुराला इंग्रजीत ओरडला, ‘डिग, बॉय, डिग!’, म्हणजे ‘खण, पोरा, खण!’ साहेब म्हणून कंपनीचा अभियंता डब्ल्यू. एल. लेक याचे नाव घेतात. कथा झकास आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये. ती सांगताना अनेकदा १८६७ हे वर्ष जोडले जाते. त्या वर्षी रेल्वे तर सोडाच, ही कंपनीही जन्माला यायची होती. शिवाय तेल सापडायला हत्तीच्या पायाची गरज नव्हती. बुढी दिहिंगच्या काठी तेल झिरपत असल्याची नोंद विल्कॉक्स या सर्वेक्षण अधिकाऱ्याने १८२५ मध्येच करून ठेवली होती. तरीही लेक याचा वाटा खरा आहे. इथे खोल खोदून पाहावे, हा हट्ट कंपनीकडे त्यानेच धरला.

१८६७ हे वर्ष कथेत शिरले त्यालाही कारण असावे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक याची यंत्राने खोदलेली तेलविहीर लागली १८५९ साली. त्यानंतर सात-आठ वर्षांतच कलकत्त्याच्या मॅकिलॉप, स्ट्यूअर्ट कंपनीच्या गुडइनफ याने वरच्या आसामात जयपूरजवळ आणि मग माकुमला यंत्राने विहिरी खोदल्या. माकुमला मार्च १८६७ मध्ये ११८ फुटांवर तेल लागले. पण ते वाहून न्यायला रस्ता नव्हता, रूळ नव्हते. काम थंडावले आणि पुढची दीड दशके कोणी फिरकले नाही. तेल तेच, जंगलही तेच. मधल्या काळात बदलले एवढेच, की दाराशी आगगाडी आली.

पहिल्या क्रमांकाच्या विहिरीचे काम सप्टेंबर १८८९ मध्ये सुरू झाले. १७८ फुटांवर तेल दिसले, पण ते पुरेसे नव्हते. खोदाई चालू राहिली आणि नोव्हेंबर १८९० मध्ये ६६२ फुटांवर (सुमारे २०२ मी.) विहीर पूर्ण झाली. उत्पादन दिवसाला सुमारे २०० गॅलन, म्हणजे जेमतेम चार-पाच पिंपे. आज ऐकून हसू येईल इतके थोडे. पण दलदल, हिवताप, मुसळधार पाऊस आणि हजारो मैलांवरून आगबोटीने येणारी अवजारे यांचा हिशेब मांडला, तर हसू आवरते. तेल इथे टिपाम वालुकाश्मात, कमानीसारख्या वाकलेल्या थरांत (अपनतीत) साठलेले आहे. पुढे या चिंचोळ्या टेकड्यांवर सुमारे हजार विहिरी खोदल्या गेल्या.

१८९३ मध्ये मार्घेरिटाला एक लहान शुद्धीकरण कारखाना निघाला. तेलाचा व्याप रेल्वे कंपनीला पेलेना, तेव्हा १८९९ मध्ये ‘आसाम ऑइल कंपनी’ वेगळी स्थापन झाली. तिने डिगबोईतच नवा कारखाना उभारला. तो ११ डिसेंबर १९०१ रोजी सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला सुमारे ५०० पिंपे होती. मोटारी अजून रस्त्यावर दिसत नव्हत्या, त्यामुळे खरा माल होता तो दिव्याचे तेल. महाराष्ट्रात ज्याला घासलेट किंवा रॉकेल म्हणतात तेच. (‘रॉकेल’ हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून, म्हणजे दगडातल्या तेलावरून आल्याचे मानतात.) डिगबोईचे कच्चे तेल मेणयुक्त असल्याने मेण हे दुसरे महत्त्वाचे उत्पादन ठरले. १९०३ च्या सुमारास आसाम–बंगाल रेल्वे तिनसुकियाला येऊन मिळाली आणि चितगाव बंदरापर्यंत सलग रूळ झाले; तोवर सगळा भरवसा ब्रह्मपुत्रेच्या आगबोटींवर होता.

१९२१ मध्ये व्यवस्थापन बर्मा ऑइल कंपनीकडे गेले आणि डिगबोई पुरते ‘कंपनीचे गाव’ झाले. पाणी, वीज, दवाखाना, बाजार, क्लब, सगळे कंपनीचे. टेकड्यांवर लाकडी चौकटीचे, उतरत्या छपरांचे साहेबी बंगले. खाली बाबू लोकांची घरे. आणखी खाली कामगारांच्या रांगा. गावाची उतरंड माणसाच्या पगारपत्रकाप्रमाणे लागलेली होती. बंगाली कारकून, नेपाळी, बिहारी, पंजाबी आणि आसामी कामगार अशी वस्ती मिसळत गेली. ज्यांच्या रानात हे सगळे घडले ते सिंग्फो आणि इतर डोंगरी समाज मात्र काठावर राहिले. या उतरंडीला तडा गेला तो १९३९ च्या संपाने. पगार, घरे आणि कामगारकपात या प्रश्नांवर एप्रिलमध्ये हजारो कामगार बाहेर पडले. १८ एप्रिलला गोळीबार झाला आणि त्यात कामगार मारले गेले. गोपीनाथ बारदोलोई यांच्या मंत्रिमंडळासाठी हे प्रकरण अवघड ठरले. सप्टेंबरमध्ये महायुद्ध पेटले, तेलाला लष्करी महत्त्व आले आणि युद्धकालीन कायद्यांच्या बळावर संप मोडला गेला.

१९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि माघार घेताना ब्रिटिशांनी तिथल्या तेलविहिरी व कारखाने स्वतःच उद्ध्वस्त केले. मग या आघाडीवर आपल्या हातातले, जवळचे तेल उरले ते डिगबोईचे. शेजारच्या लेडोहून चीनच्या कुनमिंगकडे जाणारा स्टिलवेल मार्ग हा लष्करी रस्ता निघाला. १९४४ पासून अमेरिकी लष्कराच्या रेल्वे तुकड्यांनी बंगाल–आसाम मार्गाच्या मोठ्या भागावर गाड्या चालवल्या. विहिरींतून ओरबाडून तेल काढले गेले आणि उत्पादनाने दिवसाला सुमारे ७,००० पिंपांची कमाल गाठली. तेलक्षेत्र त्यातून पुन्हा सावरले नाही. त्या वर्षांची खूण म्हणजे गावातील युद्धस्मशानभूमी. तिथे सुमारे २०० थडगी आहेत.

डिगबोईचा तोरा उतरवला तो शेजारच्याच नहरकटियाने. तिथे १९५३ मध्ये कितीतरी मोठा साठा सापडला, पाठोपाठ मोरानला. १९५९ मध्ये ‘ऑइल इंडिया’ स्थापन झाली आणि केंद्र दुलियाजानकडे सरकले. नव्या तेलासाठी बिहारात बरौनीपर्यंत नळ टाकला गेला. आसामचे तेल बाहेर जाते ही सल तेव्हापासूनची. गुवाहाटीचा कारखाना (१९६२) आंदोलन करून मिळवावा लागला. पुढे १९७९–८० मध्ये आसाम आंदोलनात ‘तेज दिम, तेल निदिओं’ ही घोषणा दुमदुमली. आसामीत ‘तेज’ म्हणजे रक्त. रक्त देऊ, तेल देणार नाही. मुंबई हायचे तेल १९७४ मध्ये लागेपर्यंत देशातील तेलाचा मोठा आधार आसाम आणि गुजरात हाच होता, हे लक्षात घेतले तर या घोषणेची धार कळते.

१४ ऑक्टोबर १९८१ रोजी आसाम ऑइल कंपनी राष्ट्रीयीकृत झाली. कारखाना आणि विक्री इंडियन ऑइलकडे, तर विहिरी ऑइल इंडियाकडे गेल्या. ज्या गावात विहीर, कारखाना आणि बंगला एकाच मालकाचा होता तिथे दोन सरकारी कंपन्यांच्या पाट्या लागल्या. मार्च २००३ मध्ये उल्फा या सशस्त्र फुटीरवादी संघटनेच्या हल्ल्यात इथली तेलाची टाकी पेटली. कारखान्याची क्षमता वर्षाला साडेसहा लाख टन आहे. देशातील अवाढव्य कारखान्यांपुढे ती नगण्य, आणि तेलही मुख्यतः शेजारच्या क्षेत्रांचे. निव्वळ नफ्यातोट्याच्या हिशेबाने पाहिले, तर तो इतकी वर्षे चालू राहिला याचेच नवल वाटावे.

गावाचा साहेबी थाट अजून पुरता गेलेला नाही. अठरा छिद्रांचे गोल्फ मैदान आहे, क्लब आहे, काही जुने बंगले पाहुण्यांसाठी खुले झाले आहेत. गोलाई, मुलियाबारी, बोगापानी या वस्त्यांची नावे मात्र थेट मातीतली. २०२१ मध्ये दिहिंग–पाटकाईच्या अरण्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हुलॉक गिबन, धनेश पक्षी आणि होलोंगचे उंच वृक्ष यांसाठी निसर्गप्रेमी आता इथे येतात. तेल संग्रहालयाच्या आवारात पहिल्या क्रमांकाची विहीर जपून ठेवली आहे. येणारा प्रवासी तिच्यापाशी फोटो काढतो, आणि वाटाड्या त्याला हत्तीची गोष्ट सांगतो.