'बेस्ट बिफोर' म्हणजे एक्स्पायरी नाही बरं का

कित्येक वर्षं फिरणारा एक मेसेज आहे, की पाकिटावरची 'बेस्ट बिफोर'ची तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून आतला पदार्थ विष. वाचून भीती वाटणं साहजिक आहे, तारीख म्हटली की शेवटची तारीखच वाटते ना. पण शब्द नीट बघा, बेस्ट म्हणजे उत्तम, बिफोर म्हणजे आधी, म्हणजे या तारखेआधी चव, वास, कुरकुरीतपणा उत्तम राहील एवढंच सांगितलंय, तेही पाकीट न फोडता आणि सांगितलंय तसं ठेवलं तर. नंतर बिस्कीट थोडं मऊ पडेल, लगेच विषारी होत नाही.

'यूज बाय', म्हणजे या तारखेपर्यंतच वापरा, हे मात्र वेगळं आणि इथे अजिबात सूट घेऊ नका. हे सुरक्षिततेबद्दल आहे, दूध, मांस, मासे अशा लवकर नासणाऱ्या वस्तूंवर तर हे नक्की बघा. वास चांगला येतोय म्हणून खायचं नाही, सगळ्या जंतूंमुळे पदार्थाला वास येतोच असं नाही.

स्वतः बघायचं तर पुढच्या वेळी पाकीट उलटं करा, तारखेआधीचे शब्द वाचा. कधी तारीखच नसते, 'बेस्ट बिफोर सिक्स मंथ्स फ्रॉम पॅकेजिंग' असं असतं, मग पॅकिंगची तारीख शोधून तिथून 6 महिने मोजायचे, ती बऱ्याचदा कडेला पुसट छापलेली असते. आणि पाकीट फुगलेलं, फाटलेलं किंवा बुरशी दिसली तर तारीख पुढची असली तरी सरळ टाकून द्या.