बॅकहो लोडर : चाल बंद पडणे

इंजिन सुरू आहे, बकेट वर-खाली होते, पण फॉरवर्ड-रिव्हर्स लिव्हर टाकला तरी यंत्र जागचे हलत नाही, अशी अवस्था. पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असलेले हे यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, महाराष्ट्रात त्याला ‘जेसीबी’च म्हणतात; अक्षरे मात्र जोसेफ सिरिल बॅमफर्ड या ब्रिटिश कारखानदाराच्या नावाची.

इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून तेलामार्फत गिअरबॉक्सकडे जाते. कन्व्हर्टरचे श्रेय सरसकट जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांच्या १९०५ च्या पेटंटला दिले जाते. ती रचना जहाजांच्या टर्बाइनसाठी होती आणि तिच्यातील स्टेटर (परतणारे तेल वळवणारे पात्यांचे चाक) स्थिर असे. स्टेटर एकाच दिशेने फिरू देणारी ‘ट्रायलॉक’ रचना कार्ल्सरूहे येथील संशोधकांची, बहुधा १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरची. आजचा कन्व्हर्टर तिच्याच वंशातला मानणे अधिक सयुक्तिक वाटते. निदानाच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे, कारण स्टेटरचा एकदिशा क्लच निकामी झाल्यास चढावर जोर कमी पडतो, चाल अचानक व पूर्ण थांबत नाही.

पॉवरशटल गिअरबॉक्समध्ये पुढची व मागची दिशा तेलाच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या दोन क्लच-संचांवर अवलंबून असते. दाब इंजिनावर फिरणाऱ्या पंपाकडून येतो (म्हणूनच हे यंत्र ढकलून सुरू होत नाही). एकच दिशा गेली असेल, तर त्या दिशेचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी तेलाची झडप) किंवा क्लच संशयित. दोन्ही गेल्या असतील, तर आधी ट्रान्समिशन ऑइलची पातळी, फ्यूज आणि हँडब्रेक पाहतात. अनेक यंत्रांत हँडब्रेक ओढलेला असताना विजेचा संकेत तुटून चाल मिळत नाही. त्यामुळे ब्रेक सोडला तरी त्याचा स्विच अडकलेला असेल, तर गिअरबॉक्स विनाकारण उघडला जातो. थंड यंत्र चालते आणि तापल्यावर थांबते, याचा अर्थ बहुतेक वेळा झिजलेली सीले किंवा दुबळा पंप. थोडा वेळ उभे राहिल्यावर पुन्हा चालू लागले, तर तेल गाळणारी तळाची जाळी तुंबल्याचा संशय घेतात. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. जळका वास आला तर क्लच-प्लेटा गेल्या.

ब्रेक दाबून, गिअर टाकून, पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे मोजणे ही स्टॉल चाचणी. फेरे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असतील तर क्लच घसरतो. कमी असतील तर इंजिन अशक्त किंवा स्टेटर बिघडलेला. तेल झपाट्याने तापत असल्याने चाचणी काही सेकंदांतच उरकावी लागते. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची शक्ती चाकांच्या आसाकडे नेणारा दांडा) फिरतो पण चाके फिरत नाहीत, असे आढळले तर दोष गिअरबॉक्सच्या पलीकडे, डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांत शक्ती वाटणाऱ्या गिअर-संचात) किंवा तिथून चाकापर्यंत जाणाऱ्या अर्ध्या शाफ्टमध्ये असतो.

हायड्रॉलिक पंप शाबूत असल्यास चालक मागचा हात लांबवून बकेट जमिनीत रोवतात, पुढची बकेट उचलून घेतात आणि यंत्र हातभर-हातभर ओढत रस्त्याच्या कडेला नेतात. दूरवर ओढून न्यायचे असेल, तर प्रोपेलर शाफ्ट आधी सोडवतात. कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला वंगण मिळत नाही.